मौज सगळ्यांची, भिंत कोणाची?



पावसाळा लागला की वर्तमानपत्रांत दोन बातम्या ठरलेल्या असतात. पहिली, अमुक धरणावर फिरायला गेलेली माणसे बुडाली. दुसरी, दोन दिवसांनी, त्या धरणावर जायला बंदी. तिसरी बातमी काही येत नाही. धरणाची भिंत या वर्षी कोणी पाहिली, सांडवा कोणी साफ केला, काठावर दोर कोणी बांधला आणि त्याचे पैसे कोणी दिले, हे कोणी छापत नाही. छापायला काही घडलेलेच नसते. आज त्याबद्दल बोलायचे आहे.

सुरुवात आकुर्डीपासून करू. कापूस-ज्वारीवाल्याच्या पानावर आकुर्डी कशाला, असे कोणी म्हणेल. तर आपलीच पोरे तिथे आहेत म्हणून. यवतमाळ, बीड, परभणी, बुलढाण्याकडची, बारावी किंवा आयटीआय झालेली, शेतात भागत नाही म्हणून गाव सोडलेली पोरे पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांत ठेकेदाराकडे कामाला लागतात. आकुर्डी, निगडी, चिखलीला चौघे-सहा जण मिळून एक खोली घेतात. आठवड्याला एक सुट्टी. सिनेमा-हॉटेल परवडत नाही. आकुर्डी स्टेशनवरून लोणावळ्याची लोकल पकडली की थोडक्या तिकिटात भुशी धरण. मोटारसायकल असली तर पवना, कासारसाई. पाणी पाहायला पैसे पडत नाहीत. ज्याच्या गावात मार्चनंतर टँकर येतो, त्या पोराला एवढे पाणी पाहून हुरूप येणारच. त्यात त्याचा गुन्हा काही नाही.

पण त्याला पोहता येत नाही. येणार कसे? गावातली विहीर आटलेली, ओढा चार महिन्यांचा, तलावात उन्हाळ्यात भेगा. बागायती गावातला पोरगा लहानपणी पाठीला भोपळा नाहीतर डबा बांधून विहिरीत पडतो. कोरडवाहू गावातल्या पोराला शिकायला पाणीच मिळत नाही. तो पाण्याला भीत नाही, कारण पाणी काय करते ते त्याने पाहिलेले नाही. म्हणून धरणावरच्या सुरक्षेचा प्रश्न आपल्याही घरातला आहे.

३० जून २०२४ ला, रविवारी, भुशी धरणाच्या मागच्या डोंगरातल्या धबधब्यात पुण्याहून आलेल्या एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले. एक बाई आणि चार मुले. सगळे प्रवाहातल्या खडकावर उभे होते. वरच्या डोंगरावर पाऊस वाढला आणि पाहता पाहता पाणी चढले. मदत फार लांब नव्हती, माणसेही आजूबाजूला होती, पण फेकायला दोर नव्हता आणि वर पाणी वाढले आहे हे खाली सांगणारे कोणी नव्हते. मग जिल्ह्यातल्या धरणांवर, धबधब्यांवर मनाई आदेश निघाले.

पुढचाच पावसाळा घ्या. १५ जून २०२५, पुन्हा रविवार. मावळातल्या इंदोरीजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या ओझ्याने कोसळला. चार माणसे गेली, पन्नासहून जास्त जखमी झाली. पूल धोक्याचा आहे हे माहीत होते. तशी पाटीही होती. नव्या पुलाचे काम मंजूर होऊन रखडले होते. ते धरण नव्हते, पण रोग तोच: पाण्यावर गर्दी येते हे सगळ्यांना ठाऊक, वस्तू जुनी झाली हेही ठाऊक, आणि मध्ये कागद.

बंदी सरकारला आवडते, कारण तिला खर्च नाही. एक आदेश टंकला, एक पाटी ठोकली, रस्त्यावर दोन पोलीस उभे केले की जबाबदारी संपली. उद्या कोणी बुडाले तर म्हणायला मोकळे, आम्ही बंदी घातली होती. बंदीने माणूस थांबत नाही. तो पुढचा रस्ता सोडून मागच्या पाऊलवाटेने जातो, जिथे पोलीस नाही, दुकान नाही आणि ओरडले तर ऐकायलाही कोणी नाही. बंदीत बुडते ती कणसे भाजून विकणारी बाई, चहाची टपरी टाकणारा आणि खोली भाड्याने देणारा तिथला शेतकरी. चार महिन्यांचा धंदा, तोही एका सहीने बंद.

आता दुसऱ्या बाजूला या. काठावरच्या माणसाची काळजी करताना भिंतीकडे कोणाचे लक्ष आहे?

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले. बांधून वीस वर्षांच्या आतबाहेरचे, लहान पाटबंधाऱ्यातले धरण. खालची भेंदवाडी झोपायच्या वेळेला वाहून गेली. वीसच्या आसपास माणसे मेली. भिंतीतून पाणी गळते आहे अशी तक्रार गावाने आधीच केलेली होती. वरवरची डागडुजी झाली होती. फुटल्यावर तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांवर बोट ठेवले. लोक हसले आणि संतापलेही. पण मंत्र्यांचे बोलणे एका अर्थी कामाचे आहे. खेकडे मातीच्या भिंतीत बिळे करतात, घुशी करतात, उंदीरही करतात. हे शेताच्या बांधावर राबणाऱ्याला शिकवावे लागत नाही. म्हणूनच दरवर्षी भिंत पायी फिरून पाहायची असते. खेकड्याला पगार नाही. ज्याला आहे तो कुठे होता, एवढेच विचारायचे.

पुण्याने १२ जुलै १९६१ ला पानशेत पाहिले. काम पुरे होण्याआधी पाणी अडवले, भिंत खचू लागली. सैन्याचे जवान रात्रभर वाळूची पोती रचत राहिले. त्या मेहनतीने धरण फुटायला सकाळ झाली, आणि हजारो माणसे झोपेत सापडली नाहीत. परदेशातही असेच. सप्टेंबर २०२३ मध्ये लिबिया देशातल्या डेरना शहराच्या वरची दोन जुनी धरणे एका वादळी रात्री फुटली आणि हजारो माणसे समुद्रात गेली. त्या धरणांच्या दुरुस्तीचे कंत्राट अनेक वर्षांपूर्वी दिलेले होते. काम पुरे झाले नव्हते. देश कोणताही असो, दुरुस्तीचा पैसा कागदावर असतो आणि पाणी भिंतीवर असते.

मातीचे धरण फुटायच्या आधी बोलते. त्याची भाषा शेतकऱ्याला कळते, म्हणून इथे लिहून ठेवतो. पुढच्या बैठकीत वाचून दाखवावी.

भिंतीच्या पोटात काळ्या चिकणमातीचा गाभा असतो, दोन्ही अंगांना मुरमाचा भराव असतो, पाण्याच्या बाजूला दगड लावलेले असतात. थोडे पाणी सगळ्याच मातीच्या धरणांतून झिरपते. पायथ्याशी येणारा झिरपा नितळ असेल तर भिण्याचे कारण नाही. झिरपा गढूळ झाला तर आतली माती वाहू लागली असे समजा. तलावाची पातळी तेवढीच असून झिरपा वाढला तर त्याच दिवशी कळवा. कोरड्या बाजूच्या उतारावर मधेच ओल दिसली, हिरवे गवत उगवले, भिंतीच्या माथ्यावर खळगा पडला किंवा लांब भेग गेली, तर ते दुखणे आहे. भिंतीवर बाभळी-बोरी वाढू देऊ नका. झाड मेले की मूळ कुजते आणि कुजलेल्या मुळाची नळी होते, त्यातून पाणी वाट काढते. सांडव्यात माती-दगड टाकून पाणी जास्त साठवायचा मोह होतो, तो टाळा. मातीच्या भिंतीवरून पाणी गेले की भिंत राहत नाही. सांडवा बुजवणे म्हणजे स्वतःच्या हाताने धरण फोडणे.

फिरायला येणारा हेच नेमके बिघडवतो. माथ्यावर मोटारी चढवतो, पिचिंगचे दगड चुलीला काढतो, उताराच्या गवतावरून घसरतो, सांडव्यात उभा राहतो, त्यातच बाटल्या फेकतो. भिंतीची सुरक्षा आणि माणसाची सुरक्षा असे दोन विषय नाहीत. ज्या काठावर कोणाचा पहारा नाही, तिथे माणूसही बुडतो आणि भिंतही खचते.

कायदा काय म्हणतो? २०२१ मध्ये केंद्राने धरण सुरक्षा कायदा केला. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर पाहणी, संकटाच्या वेळी काय करायचे याचा आराखडा, जबाबदार अधिकारी, सगळे त्यात आहे. पण तो पंधरा मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो, आणि दहा ते पंधरा मीटरच्या धरणांपैकी ज्यांची लांबी, साठा किंवा पूर ठरावीक मापाच्या वर आहे त्यांना. त्याखालचे आपले पाझर तलाव, गावतलाव, कोल्हापुरी बंधारे त्याच्या बाहेर. देशातली सर्वांत जास्त मोठी धरणे महाराष्ट्रात आहेत, तेव्हा मोठ्यांचीच निगा लागता लागत नाही, लहानांकडे कोण येणार? शंभर हेक्टरपर्यंतचे तलाव जिल्हा परिषदेकडे, त्यावरचे सहाशे हेक्टरपर्यंतचे मृद व जलसंधारण खात्याकडे, मोठी धरणे जलसंपदा खात्याकडे. भुशीसारखे धरण तर रेल्वेचे, एके काळी वाफेच्या इंजिनांना पाणी पुरवायला बांधलेले. धरण एकाचे, डोंगर दुसऱ्याचा, बंदोबस्त तिसऱ्याचा आणि आदेश चौथ्याचा. चार मालकांच्या बैलाला वैरण कोणीच टाकत नाही.

आपल्याकडचे तलाव कोणी बांधले ते आठवा. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून, डोक्यावरून माती वाहून, सुकडी खाऊन आपल्याच आई-बापांनी बांधले. पन्नास वर्षे उलटून गेली. कितीकांच्या सांडव्याची भिंत ढासळलेली आहे, मोरीचे दार गंजून एका जागी बसले आहे. त्यातून पोळ्याला बैल धुवायला, गणपती बुडवायला, सुट्टीत पोहायला माणसे तिथेच येतात. त्यात गाळ काढण्याच्या नावाने यंत्रे उतरली. २०१७ पासून गाळमुक्त धरणाची योजना आहे, गाळ शेतात पडला हे चांगलेच झाले. पण जिथे मुरूम चांगला लागला तिथे खोल खड्डे मारून ठेवले गेले. पाणी भरले की वरून सगळे सारखे दिसते. गुडघाभर पाण्यात चालणारा पोरगा पुढच्या पावलाला दोन पुरुष खोल जातो. काळ्या मातीचा गाळ पाय धरतो तो सोडत नाही.

हे फक्त सह्याद्रीकडचे दुखणे आहे असे मानू नका. ९ जुलै २०१७ ला, रविवारीच, नागपूर जिल्ह्यातल्या वेणा तलावात नाव उलटून आठ तरुण गेले. नाव लहान, माणसे जास्त, अंगावर जीवरक्षक जाकीट नाही, मोबाईलवर चित्रण चालू. कापसाच्या मुलखातली ही घटना आहे. आणि घराजवळचे शेततळे तर आणखी वाईट. प्लॅस्टिकचा कागद अंथरलेल्या तळ्यात पडलेल्याला पोहता येत असले तरी वर चढता येत नाही, कागदावर शेवाळ धरते आणि हात-पाय घसरतात. अशा तळ्याच्या चारही बाजूंना गाठी मारलेला दोर सोडायला दोनशे-चारशे रुपयांच्या वर खर्च नाही. तो ज्याने केला नाही त्याने हा अंक बाजूला ठेवून आधी तो करावा.

आता उपायाचे बोलू. माझे म्हणणे एका वाक्यात आहे: ज्या गावाच्या शिवारात धरण आहे त्या गावाला तिथल्या मौजेची फी घेण्याचा हक्क द्या, आणि त्या फीतला पहिला रुपया भिंतीवर आणि काठावर खर्च करण्याचे बंधन घाला.

हिशेब करून पाहा. समजा एका लहान धरणावर रविवारी दोनशे माणसे येतात. माणशी वीस रुपये घेतले तर चार हजार. पावसाळ्याचे सोळा रविवार धरले तर चौसष्ट हजार. गावातली दोन चांगली पोहणारी पोरे त्या सोळा दिवसांना सातशे रुपये रोजाने काठावर बसवली तर बावीस हजार चारशे लागतात. उरलेल्या एकेचाळीस हजार सहाशेत दोर, हवेच्या ट्यूब, खोल पाण्याचे खुणेचे खांब, भिंतीवरचा झाडोरा काढण्याची मजुरी आणि सांडव्याची सफाई बसते. सरकारकडे पैसे मागायला जायचे कारण नाही. आज हेच वीस रुपये कुठल्या तरी बेकायदा वाहनतळवाल्याच्या खिशात जातात.

यावर तीन आक्षेप येतील आणि तिन्ही खरे आहेत.

पहिला, धरण सरकारचे, मग आम्ही कशाला ओझे घ्यायचे? तर ओझे सगळे घ्यायचे नाही. भिंतीची मजबुती, मोठी दुरुस्ती आणि वर्षातून दोनदा अभियंत्याची पाहणी ही सरकारचीच जबाबदारी राहील, आणि भिंत फुटली तर उत्तर सरकारनेच द्यायचे. गावाने रोजची नजर ठेवायची आणि काठ सांभाळायचा. करारात हे दोन रकाने वेगळे लिहिले नाहीत तर सही करू नका. नाहीतर उद्या खेकड्याच्या जागी गावाचे नाव येईल.

दुसरा, गावाला हे जमेल का? नाशिक जिल्ह्यातल्या वाघाड धरणावर शेतकऱ्यांनी पाणी वापर संस्था काढून पाणी मोजून घेतले, वाटले, पट्टी वसूल केली. २००५ मध्ये राज्याने सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देण्याचा कायदा केला. पाण्याचे वाटप, जे भावाभावांत भांडण लावते, ते जर शेतकरी करू शकतात तर काठावर दोर बांधणे आणि झिरपा पाहणे त्यांना का जमणार नाही?

तिसरा आक्षेप सगळ्यांत भारी. फी गावात आली की ती एखाद्या पुढाऱ्याच्या मेहुण्याच्या ठेक्यात जाईल. जाईल, जर हिशेब झाकलेला असेल तर. म्हणून ठेका द्यायचा नाही. जमा-खर्च धरणाच्या वाटेवर फळ्यावर लिहायचा आणि ग्रामसभेत वाचायचा. पैसे देणाऱ्यालाही दिसले पाहिजे की त्याच्या वीस रुपयांतून हा दोर आला. लोकांसमोर लिहिलेला आकडा चोरणे कठीण जाते.

पवना धरणाकडे पाहिले की हा हक्क का मागायचा ते कळते. १९७२ च्या सुमारास ते धरण झाले. मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या आणि त्यातल्या शेकडो खातेदारांचे पुनर्वसन पन्नास वर्षे रखडले. पाणी नदीने रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येते, तिथून उचलून निगडीच्या केंद्रात शुद्ध होते आणि आकुर्डीच्या नळाला येते. तेच पाणी धरणापासून थेट बंद नळाने नेण्याच्या योजनेविरुद्ध मावळचे शेतकरी रस्त्यावर आले, तेव्हा ९ ऑगस्ट २०११ ला बऊरजवळ झालेल्या गोळीबारात तीन शेतकरी मेले. आता त्याच धरणाच्या काठाला शहरातली माणसे तंबूत राहायला येतात. ज्यांची जमीन पाण्याखाली गेली त्यांच्यातल्या काहींना या तंबूंतून चार पैसे मिळतात. जमीन गेली, पाणी शहराला गेले, आता काठावरची कमाई तरी त्यांच्या हाती राहू द्या. आणि जी कमाई त्यांच्या हाती राहील तिच्यासाठी ते भिंतीला जपतील. ज्याला धरणापासून काहीच मिळत नाही, त्याने ते का राखावे?

आकुर्डीच्या खोलीतल्या आपल्या पोरांनाही दोन शब्द. बंधाऱ्याच्या भिंतीवरून पाणी पडते त्याच्या खाली उतरू नका, तिथे पाणी उलटे फिरते आणि चांगल्या पोहणाऱ्यालाही खाली ओढते. मोरीच्या जवळ जाऊ नका. डोंगरात प्रवाहाच्या मधल्या खडकावर बसू नका, पाऊस वर पडतो आणि पूर खाली येतो, डोक्यावर ऊन असले तरी. मित्र बुडत असेल तर मागोमाग उडी टाकू नका. दोर, बांबू, पँट, ओढणी, जे हाताशी असेल ते फेका. एकाला वाचवायला गेलेले तीन जण बुडाल्याच्या बातम्या दरवर्षी येतात.

जिल्हा बैठकीसाठी एवढी कामे सुचवतो. प्रत्येक गावाने आपल्या शिवारातल्या तलावाचे नाव, तो कोणत्या खात्याचा, सांडव्याची आणि झिरप्याची अवस्था एका कागदावर लिहून आणावी. मे महिना संपायच्या आत पाच जणांनी भिंत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पायी चालून पाहावी. जिथे दुखणे दिसेल तिथे लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. आणि बैठकीने ठराव करावा की, दहा मीटरखालच्या तलावांनाही वर्षातून दोन पाहण्यांचा नियम लागू करावा, पाहणीचा अहवाल मराठीत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावा, आणि काठावरच्या फीचा हक्क ग्रामसभेला द्यावा.

ठराव मंजूर होईल तेव्हा होईल. भिंत चालून पाहायला कोणाच्या सहीची गरज नाही. आपल्या आई-बापांनी डोक्यावर माती वाहिली ती याच भिंतीसाठी.